खाऱ्या पाण्यातले शेजारी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभासदांसमोर केलेले भाषण)



सचिव साहेबांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही बँकेवर बोलू नका, लोक झोपतील. तुमच्या माशांवर बोला." हुकूम शिरसावंद्य. पण माशांवर बोलायचं म्हणजे मला माझी एक चूकही सांगावी लागेल. ती सांगायला मी आज उभा आहे.

आपल्या वडवणीला समुद्र म्हणजे फक्त नकाशात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण. मी समुद्रातले मासे पहिल्यांदा पाहिले ते मुंबईत, बँकेच्या ट्रेनिंगला गेलो तेव्हा. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेलं. त्या काचेसमोर मी तासभर उभा राहिलो आणि मनात म्हणालो, रिटायर झालो की असं काहीतरी घरी करायचं. पुढे 2003 साली तो 'फाइंडिंग निमो' सिनेमा आला. आमची नात मोठी झाल्यावर तिनं तो इतक्या वेळा पाहिला, की शेवटी तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठी, डिसेंबर 2018 मध्ये दोनशे लिटरची टाकी घरी आली.

निमो म्हणजे क्लाउनफिश, विदूषक मासा. केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. जगात याच्या तीसेक जाती आहेत. आपल्या देशात अंदमान, लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात हे मासे सापडतात. त्याचा शेजारी म्हणजे सी अ‍ॅनिमोन. मी त्याला समुद्रफूल म्हणतो. दिसायला फूल, पण तो प्राणी आहे. त्याच्या पाकळ्यांसारख्या बोटांमध्ये विषारी नांग्या असतात. दुसरा लहान मासा जवळ गेला की संपला. पण विदूषक माशाच्या अंगावर असा बुळबुळीत थर असतो, की समुद्रफूल त्याला नांगी मारत नाही. मासा त्यात राहतो, शत्रूपासून वाचतो. बदल्यात समुद्रफूल कुरतडायला येणाऱ्या माशांना हा एवढासा जीव हुसकावून लावतो. त्याच्या विष्ठेचंसुद्धा समुद्रफुलाला खत होतं. जुळलेला सहकार म्हणतात तो हा, आणि तोही उपविधी न वाचता!

बालमित्रांनो, यांच्या घरात आईचं राज्य असतं बरं का. हे मासे आधी नर म्हणूनच वाढतात. कळपात जो सर्वांत मोठा, तो मादी होतो. ती मादी गेली, तर तिचा जोडीदार मादी होतो आणि खालचा एक नर त्याच्या जागी येतो. आमच्या बँकेतलं प्रमोशनसुद्धा इतकं शिस्तीत होत नव्हतं. आणि अंडी सांभाळायचं काम बाबाचं. तो पंखांनी त्यांना वारा घालत बसतो.

आता टाकीकडे येऊ. खारं पाणी म्हणजे मीठ टाकलं की झालं, असं नाही. घरातलं मीठ चालत नाही. समुद्राचं तयार मीठ मागवावं लागतं. लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलो. आपलं बोअरचं पाणी जड, म्हणून आरओचं पाणी घ्यायचं. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहतं. म्हणून रोजची घट भरून काढताना साधं पाणी घालायचं, खारं नाही. ही चूक नवखा माणूस हमखास करतो.

दुसरी गोष्ट डोळ्याला न दिसणारी. माशाच्या विष्ठेपासून अमोनिया तयार होतो, ते विष. पाण्यातले काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. हे जिवाणू टाकीतल्या दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा सोडायचा नाही. काचेकडे पाहत नुसतं बसायचं. आमच्या घरातल्या मंडळींनी विचारलं, "अहो, पाण्यालाच लायटिंग केली का?"

मासे सोडायला मी धीर धरला. जानेवारी संपता संपता दोन विदूषक मासे आणले. पण समुद्रफुलासाठी टाकी निदान सहा महिने, खरं तर वर्षभर मुरलेली हवी. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, ते उजेडावर त्याला अन्न पुरवतं. त्यामुळे उजेड तगडा लागतो आणि पाणी पंचवीस ते सत्तावीस अंशांवर स्थिर लागतं. मला हे माहीत होतं. तरी नातीच्या वाढदिवसाला म्हणून मार्चमध्येच मी समुद्रफूल आणलं. चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की ऐपत पाहून कर्ज घ्या. आणि स्वतः मात्र तारण न बघता उचल केली.

2019 चा तो उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. दुष्काळ. टँकर आला की सगळी गल्ली हंडे घेऊन धावायची. तेव्हा समोरच्या वहिनी मला तोंडावर म्हणाल्या, "भाऊजी, माणसाला पाणी नाही अन् तुम्ही माशाचे लाड करता." मला राग आला. पण रात्री झोप लागेना, कारण बाई खरं बोलली होती. आठवड्याला वीस लिटर पाणी बदलायचं, तर त्यासाठी आरओमधून चाळीस-पन्नास लिटर वाया जायचं. दुसऱ्या दिवसापासून ते वाया जाणारं पाणी मी बादलीत धरून भांड्यांना आणि बागेतल्या झाडांना द्यायला लागलो. आजही थेंब गटारीत जात नाही.

मे महिन्यात आम्ही लग्नाला पुण्याला गेलो. रात्री इकडे डीपी जळाला. इन्व्हर्टर चार तास चालला आणि बंद पडला. पाणी फिरवणारा पंप थांबला, गार करणारा पंखा थांबला. सकाळी लाईट आली, पंप सुरू झाला. तोवर गरम पाण्यात कासावीस झालेलं समुद्रफूल आपली जागा सोडून निघालं होतं. ते जागा सोडून चालतं हो! चालत ते पंपाच्या तोंडाशी गेलं आणि आत ओढलं गेलं. आम्ही संध्याकाळी आलो तेव्हा टाकीतलं पाणी दुधासारखं झालं होतं. एक समुद्रफूल मेलं की सगळ्या टाकीचं विष होतं. दोन्ही मासे गेले. नात काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "आबा, ते फूल समुद्रात असतं तर जगलं असतं का?"

मी म्हणालो, "हो."

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. समुद्रफूल किती जगू शकतं? 1828 साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून सर जॉन डॅलिएल यांनी एक समुद्रफूल आणून काचेच्या बरणीत ठेवलं. थंड पाण्यातली, साधी जात. 1851 मध्ये डॅलिएल वारले. समुद्रफूल मात्र एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात 1887 पर्यंत जगलं. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजीबाई म्हणायचे. म्हणजे मी नातीच्या वाढदिवसाला, एका संध्याकाळच्या हौसेसाठी जे आणलं, तो माझ्याहून जास्त जगू शकणारा जीव असेल. आणि मी त्याला दोन महिन्यांत संपवलं.

मंडळी, आता आमच्या टाकीत पुन्हा विदूषक माशांची जोडी आहे. पण समुद्रफूल नाही. हे मासे समुद्रातून धरलेले नाहीत, टाकीतच जन्मलेले आहेत. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विदूषक माशांचं बंदिस्त प्रजनन साधलेलं आहे. आपल्या राज्यात मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननं ऐरोलीला अशा माशांचं बीजोत्पादन सुरू केलं. मासा घ्यायचाच तर असा घ्या. प्रवाळ मात्र कुणी देऊ केलं तरी घेऊ नका, त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं संरक्षण आहे.

समुद्रफुलाशिवाय मासा कसा राहतो, असं तुम्ही विचाराल. घरातल्या टाकीत त्याच्यावर धावून येणारा शत्रू नसतो, म्हणून तो मजेत राहतो. आमच्या जोडीनं कुंभाराकडून आणलेलं एक छोटं मडकं घर म्हणून पत्करलंय. आणि पाणी गार ठेवायला मी माठाचंच तत्त्व वापरतो. पाण्यावर पंखा सोडला की वाफ होते आणि आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं.

शेवटचं सांगतो. त्या मे महिन्यात आमच्या घराची किल्ली शेजारी कुणाकडे असती, तर ते जीव कदाचित वाचले असते. आज किल्ली समोरच्या वहिनींकडे आहे, होय, त्याच वहिनींकडे. बॅटरीवरचा हवेचा पंप त्यांच्या ओट्यावर तयार असतो. डीपी जळाला की मला फोन करायच्या आधी त्या टाकीशी पोचतात. माशांना खाणं घालायची पाळी तीन घरांतली मुलं वाटून घेतात.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे मुरमाड माळ होता आणि आपण सभासद एकमेकांना नावानंही ओळखत नव्हतो. तेव्हा माझी विनंती एवढीच. मासे पाळा, न पाळा, पण घराची एक किल्ली शेजारी ठेवा. आणि रविवारी संध्याकाळी मासे बघायला या. चहा आमच्याकडे.