पाठीवरचें ओझें

पुण्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस भोर आणि वेल्हें या भागांचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. राजगड आणि तोरणा हे बलदंड गड वेल्ह्याकडे, तर रोहिडा आणि रायरेश्वराचें विस्तीर्ण पठार भोरकडे. रायगडापूर्वीं स्वराज्याची राजधानी होती ती राजगडावर. आणि युनेस्कोनें २०२५ सालीं ज्या १२ मराठा दुर्गांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें, त्यांतही राजगड आहे. अशा मुलखांत सुटीच्या दिवशीं शहरांतील माणसांची रीघ लागावी, आणि त्यांतील पुष्कळांच्या जवळ कॅमेरा असावा, यांत नवल तें काय? संजीवनी माचीचे चिलखती बुरूज, सुवेळा माचीवरील नेढें, तोरण्याच्या झुंजार माचीवर रेंगाळणारें धुकें, हीं दृश्यें एकदां पाहिलीं म्हणजे तीं घरीं घेऊन जावींशीं वाटतातच.

परंतु या हौसेचा एक क्रम ठरलेला आहे. पहिल्या खेपेस कॅमेरा गळ्यांत असतो आणि पाठीवर कॉलेजांत नेण्याची जुनी सॅक. दुसऱ्या वर्षीं दूरचें टिपणारी लेन्स येते. तिसऱ्या वर्षीं पहाटेच्या अंधुक उजेडासाठीं ट्रायपॉड येतो. मग एके दिवशीं जुन्या सॅकची चेन लागत नाहीं, आणि आतां मोठी सॅक घेतली पाहिजे असें घरांत ठरतें. दुकानांत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती लिटरची?" आणि पुष्कळ गिऱ्हाइकें या प्रश्नाचें उत्तर कॅमेऱ्याकडे पाहून देतात. चूक होते ती येथेंच. कॅमेऱ्यासाठीं सॅक घ्यावयाची असली, तरी तिचें माप मात्र आपल्या पाठीवरून आणि ज्या वाटेनें जावयाचें त्या वाटेवरून ठरवावें लागतें.

छायाचित्रकाराच्या ओझ्याचा इतिहास जुना आहे. १८६३ ते १८६६ या काळांत सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकारानें हिमालयांत तीन सफरी केल्या. त्या वेळीं कांचेवर रसायन चढवून, ती ओली असतांनाच तिच्यावर चित्र घ्यावें लागे. म्हणून कॅमेऱ्याबरोबर कांचा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीचें काम देणारा तंबू असा सारा संसार हमालांच्या पाठीवरून जाई. १९०९ सालच्या के-टू शिखराच्या मोहिमेंत सामील झालेला इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेला याची ख्याति अशी कीं, मोठमोठ्या कांचा डोंगरांत सुखरूप नेतां याव्या म्हणून पाठीवरच्या थैल्यांची रचना त्यानें स्वतः बदलून घेतली. पुढें १९२५ सालीं लायका हा ३५ मिलिमीटर फिल्मचा लहानसा कॅमेरा बाजारांत आला, आणि डोंगरांत कॅमेरा नेण्यास हमालांचा तांडा लागेनासा झाला. आपल्याकडे गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांनीं आयुष्यभर दुर्ग पायांखालीं घातले आणि त्यांचीं छायाचित्रेंही टिपलीं. राजगड तर त्यांचा विशेष लाडका. हमालांची जरूर सरली हें खरें. पण ओझें सरलें नाहीं. तें हौशी माणसाच्या स्वतःच्या पाठीवर आलें, आणि म्हणूनच त्याचा हिशेबही त्यालाच करावा लागतो.

तो हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा. समजा, ६० किलो वजनाचे एक गृहस्थ राजगडावरचा सूर्योदय टिपावयास निघाले आहेत. रात्रीं पायथ्याच्या गुंजवणें गांवीं मुक्काम, पहाटे चढाई, आणि मग संजीवनी माचीच्या अळू दरवाजानें उतरून, डोंगरधारेनें चालत, बुधला माचीवरून तोरण्यावर प्रवेश. संध्याकाळीं वेल्ह्यास उतरणें. म्हणजे घेतलेली प्रत्येक वस्तु दिवसभर पाठीवर राहणार. कॅमेरा ७०० ग्रॅम, नेहमीची लेन्स ८०० ग्रॅम, दूरची मोठी लेन्स दीड किलो, ट्रायपॉड पावणेदोन किलो, बॅटऱ्या, फिल्टर आणि आंतील गादीची पेटी मिळून पाऊण किलो. ही बेरीज साडेपांच किलोंची झाली. आतां चार लिटर पाणी म्हणजे चार किलो. खाणें एक किलो. जाकीट, जादा कपडे व पांघरूण दीड किलो. टॉर्च, औषधें, दोरी अर्धा किलो. हे सात किलो झाले. सॅकचें स्वतःचें वजन दोन किलो. एकंदर साडेचौदा किलो.

दिवसभर वाहावयाचें ओझें शरीराच्या वजनाच्या पांचव्या हिश्श्यापलीकडे जाऊं नये, असा डोंगरांत फिरणाऱ्यांचा रूढ आडाखा आहे. या गृहस्थांचा पांचवा हिस्सा १२ किलो. अडीच किलो जास्त झाले. ते कमी कोठून करावयाचे? अनुभव असा कीं, माणूस प्रथम पाणी कमी करतो. कारण पाणी फुकटचें आणि लेन्स हजारों रुपयांची. राजगड-तोरणा धारेवर फेब्रुवारीनंतरचें ऊन डोक्यावर आलें म्हणजे या व्यवहाराची किंमत कळते. घसा कोरडा पडलेल्या माणसाचे हात थरथरतात, पाय चुकतात, आणि अशा हातांनीं घेतलेलें चित्रही चांगलें येत नाहीं. म्हणून पाण्याला हात न लावतां बाकीच्या यादीकडे वळावें. ट्रायपॉड घरीं ठेवून, तटाच्या सपाट दगडावर दुमडलेलें जाकीट पसरून त्यावर कॅमेरा टेकवला, तर पावणेदोन किलो वांचतात. दीड किलोच्या लेन्सऐवजीं पाऊण किलोची नेली, तर आणखी पाऊण किलो. अडीच किलोंचा हिशेब पुरा झाला. पहाटेच्या चित्रासाठीं ट्रायपॉड हवाच असेल, तर दूरची लेन्स मुळींच नेऊं नये आणि दुसऱ्या खेपेस त्याच्या उलट करावें. गड कोठें जात नाहीं.

हा हिशेब झाल्यावरच लिटरांचा प्रश्न विचारावा. सकाळीं जाऊन दुपारीं परतावयाचें असेल, तर २५ ते ३० लिटरांची सॅक पुरते. मुक्कामाचें सामान आणि कॅमेरा दोन्ही घेऊन या डोंगरांत हिंडावयाचें असेल, तर ४० ते ४५ लिटर पुष्कळ झाले. साठ लिटरांची सॅक हिमालयांतील अनेक दिवसांच्या वाटचालीसाठीं असते. "मोठी घेऊन ठेवावी, रिकामी राहिली तर राहील," असें म्हटलें जातें खरें. परंतु रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसूं देत नाहीं. निघतांना कोपऱ्यांत आणखी एक वस्तु बसते, आणि मग आणखी एक.

लिटरांनंतर पाठीचें माप. मान पुढें वांकवली असतां मानेच्या मुळाशीं जें हाड हाताला लागतें, तेथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचें अंतर शिंप्याच्या टेपनें घरच्या कोणाकडूनही मोजून घेतां येतें. सारख्या उंचीच्या दोन माणसांची पाठ सारख्या लांबीची असतेच असें नाहीं. म्हणून भावासाठीं घेतलेली सॅक बहिणीला बसेल हा भरवसा धरूं नये. पुष्कळ स्त्रियांची पाठ तुलनेनें आंखूड असते. त्यांच्यासाठीं खांदेपट्ट्यांचें वळण निराळें ठेवलेल्या सॅक मिळतात, त्या पाहाव्या. कमरपट्टा तर जाड आणि भक्कम हवाच. १९५२ सालीं अमेरिकेंत डिक केल्टी यानें ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकावयास आरंभ केला, आणि ओझें खांद्यांवरून काढून कमरेवर घेण्याची युक्ति त्यांतून रूढ होत गेली. कमरपट्टा हाडांवर घट्ट बसला म्हणजे भाराचा मोठा भाग पायांवर उतरतो आणि खांदे मोकळे राहतात. तो पोटावर बसला तर श्वास कोंडतो, आणि मांड्यांवर घसरला तर पाऊल उचलतां येत नाहीं.

आतां वाटेचा स्वभाव. गुंजवण्याहून चोर दरवाजानें पद्मावती माचीवर जातांना शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा आहे; तेथें लोखंडी कठडा दोन्ही हातांनीं धरून चढावें लागतें, आणि दरवाजांत शिरतांना वांकावें लागतें. सॅक डोक्याच्या वर आलेली असेल, तर वांकतांना ती वरच्या दगडाला अडते आणि माणूस मागें ढकलला जातो. बालेकिल्ल्याची चढणही तशीच. रायरेश्वराच्या वाटेवर लोखंडी शिडी आहे. तेथें सॅकच्या बाजूस लोंबणारा पट्टा किंवा ट्रायपॉडचा पाय गजांत अडकूं शकतो. धारेवरील कारवीच्या दाटींतही तेंच. खांद्यावरून आडवी लटकणारी कॅमेऱ्याची पिशवी तर या वाटांवर नेऊंच नये. दोन्ही हात कातळावर असतांना ती झोका घेऊन पुढें येते, आणि अशा जागीं एक झोका पुरतो. म्हणून सॅक उंच आणि पसरट नसावी. पाठीला चिकटून बसणारी, बाजूचे पट्टे आवळतां येणारी असावी.

भरण्याची रीतही यावरूनच ठरते. जड वस्तु पाठीच्या अगदीं जवळ हव्या. त्या बाहेरच्या कप्प्यांत गेल्या तर सॅक मागें ओढते आणि तोल राखण्यासाठीं माणसाला पुढें वांकून चालावें लागतें. सरळ वाटेवर जड सामान खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर सोयीचें. कातळ चढावयाचा असेल तर तें थोडें खालीं घ्यावें, म्हणजे तोल स्थिर राहतो. ट्रायपॉड एका बाजूस बांधला तर पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूस ठेवावी. लेन्ससाठीं गादीची सुटी पेटी घेतली, तर तीच सॅक कॅमेऱ्याविनाही वापरतां येते. नुसत्या कॅमेऱ्यासाठीं बनवलेल्या सॅकमध्यें डबा आणि पांघरूण मावत नाहीं. पाठीच्या बाजूनें उघडणारी सॅक मिळाल्यास उत्तम. ती चिखलांत टेकवली तरी पाठीला लागणारी बाजू कोरडी राहते. हातांतला कॅमेरा मात्र छातीवरच्या लहान पिशवींत असावा आणि कठीण जागा येतांच सॅकमध्यें जावा. दरी समोर असतांना सॅक पाठीवरून काढणें आणि पुन्हां चढवणें यांत पुष्कळांचा तोल जातो.

पावसाळ्यांत या मुलखांत धुकें आणि पाऊस यांचें राज्य असतें. सॅकवरचें पावसाळी आवरण वरून पडणारें पाणी अडवतें, पण मानेवरून पाठीकडे ओघळणारें पाणी त्याला अडवतां येत नाहीं. यासाठीं आंत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यांत सारें सामान बांधावें. घरीं आल्यावर सॅक व गादीची पेटी पूर्ण वाळवावी. ओलसर पेटींत ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते, आणि ती एकदां धरली म्हणजे सहसा पुरती जात नाहीं.

एवढें झाल्यावर परीक्षा. दुकानांत रिकामी सॅक पाठीवर घेऊन आरशांत पाहण्यानें कांहीं कळत नाहीं. कॅमेऱ्याच्या जागीं पाण्याच्या बाटल्या भरून तीत दहा-बारा किलो वजन घालावें आणि अर्धा तास चालावें. पट्टे कोठें रुततात, कमरपट्टा घसरतो काय, हें आपोआप समजतें. बदलून देण्याची हमी घेऊनच सॅक घरीं आणावी, आणि पुणेंकरांनीं तीच भरलेली सॅक घेऊन पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार-पांच वेळां चढून उतराव्या. उतरण्याकडे विशेष लक्ष द्यावें. चढतांना ओझें दमवतें. उतरतांना तें ढकलतें. तोरण्याहून वेल्ह्याकडे उतरावयाचें तें दिवसभराच्या थकव्यानंतर, संध्याकाळच्या कमी उजेडांत आणि घसरड्या मुरमावरून. सॅकची खरी किंमत त्या तासाभरांत कळते.

दुकानांत "किती लिटरची?" असा प्रश्न येईल तेव्हां पाठीचें माप, वाटेचें नांव आणि वजनाचा कागद, हीं तीन उत्तरें गिऱ्हाइकाजवळ तयार असावीं. त्या कागदावर पाण्याचा आंकडा सर्वांत आधीं लिहावा आणि कॅमेऱ्याचा सर्वांत शेवटीं. राजगडावरच्या सूर्योदयाचें चित्र अखेर पाहावयाचें असतें तें घरीं, चार माणसांत बसून. आणि तें दाखविणारा माणूस संध्याकाळच्या एस. टी.नें धडधाकट परत यावा, एवढ्यासाठींच पाठीवर चांगली सॅक हवी.