पहिल्या पगाराचा धूर



दीक्षान्त समारंभाचा पाहुणा बहुधा मोठी स्वप्नं बघायला सांगतो. माझी सगळी नोकरी वीजनिर्मितीत गेली. मला युनिट आणि टन एवढ्याच भाषेत बोलता येतं, म्हणून आज आपण थोडा हिशेब करू. चंद्रपुरात तो सोपा जातो, कारण ज्याचा हिशेब करायचा त्याच्या चिमण्या ऊर्जानगरच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतात.

आपल्या औष्णिक वीज केंद्राची, म्हणजे सीटीपीएसची, क्षमता 2920 मेगावॅट. आजूबाजूच्या खाणींचा कोळसा, ईरई धरणाचं पाणी आणि इथल्याच माणसांची फुप्फुसं यांवर ते चालतं. इथून एक अतिउच्चदाबाची लाइन निघते, ती 752 किलोमीटरवर थेट कल्याणजवळच्या पडघ्याला उतरते. तिकडे कोणी एसीच्या रिमोटवर 18 आकडा आणला, तर राख इथे पडते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माझं घर याच कोळशावर चाललं, मुलं याच कोळशावर शिकली. पण एक युनिट वीज म्हणजे पाऊण किलोच्या आसपास कोळसा, आणि आपल्या कोळशात जवळपास तिसरा हिस्सा राखच, हे ज्याने कन्व्हेयर बेल्टजवळ उभं राहून बघितलंय, त्याला बटण दाबताना ते आठवतं. देशभरातली सौर, पवन, जलविद्युत सगळी धरून सरासरी काढली, तरी एका युनिटमागे 700 ग्रॅमच्या आगेमागे कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमच्याकडे येतो. सरासरी भारतीय माणसाच्या नावावर वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड लागतो. अमेरिकेत हाच आकडा चौदा टनांच्या घरात आहे. मग आपण कशाला काळजी करायची, असं तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात आलं असेल, आणि ते चूक नाही. फक्त ही सरासरी गडचिरोलीच्या पाड्यावरच्या म्हातारीला धरून काढलेली आहे. तुम्ही आज त्या सरासरीतून बाहेर पडताय. नोकरी लागली की पुढच्या पाच-सात वर्षांत तुम्ही गाडी घ्याल, एसी घ्याल, लग्न कराल, जमलं तर घर बांधाल. या चार-पाच खरेद्या पुढची पंधरा-वीस वर्षं तुमच्या वतीने धूर सोडत राहतील, तुम्ही झोपलेले असताना सुद्धा. कागदी स्ट्रॉ आणि कापडी पिशवी यांना माझा विरोध नाही. पिशवी न्याच, नाल्या तुंबणार नाहीत. पण पिशवी नेली म्हणून कार्बनचं देणं फिटलं असं समजू नका. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे की जीव तिथे लावा जिथे टन आहेत.

आधी उन्हाळा. आपल्याकडे पारा 47 च्या पुढे जातो, आणि नवतप्यात पंख्याखाली झोपा असं सांगणारा माणूस एकतर ढोंगी असतो किंवा महाबळेश्वरला राहतो. गारवा हवाच. प्रश्न कशाने, एवढाच. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिटं खातो. शंभर रात्री धरा, नऊशे युनिटं, म्हणजे सहाशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. तोच घरचा कूलर दोनशे वॅटचा, त्याच शंभर रात्रींत दीडशे-पावणेदोनशे युनिटं. विदर्भाची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून इथे कूलर जे काम करतो ते मुंबईत कधीच करणार नाही.

पण आपली माणसं कूलर चालवतात कसा? दारं-खिडक्या गच्च बंद करून. मग खोलीत दमट हवा कोंडते, अंग चिकचिकतं, आणि पुढच्या वर्षी हप्त्यावर एसी येतो. कूलरने आत ढकललेली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी चार बोटं उघडी लागते. पाणी उडायला कोरडी हवा लागते, आणि ओली हवा गेल्याशिवाय कोरडी येणार कुठून? मार्च लागला की ताट्या बदला, टाकीच्या तळाचा क्षार खरवडा, पंपाची जाळी धुवा. शक्य असेल तर कूलर सावलीच्या बाजूला बसवा. एवढं केलं तर मे महिना निघतो. पावसाळा लागल्यावर कूलरचा उपयोग नाही, तेव्हा पंखा.

पंख्यावरून आठवलं. घरातला साधा पंखा 75 वॅटचा असतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा 30-35 वॅटमध्ये देतो. दिवसाला पंधरा तास, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर एका पंख्यामागे दीडशेच्या वर युनिटं वाचतात. हजार-दीड हजार रुपये जास्त पडतात, ते दीड-दोन वर्षांत बिलातून निघतात. शिवाय तारांतून येताना वाटेत गळती होते, म्हणून घरात एक युनिट वाचलं की केंद्रात एकाहून जास्त वाचतं. तुमच्यातले जे मुंबई-ठाण्याला जाणार आहेत, त्यांना एसीशिवाय गत्यंतर नसेल. त्यांनी तो 26 वर ठेवून वर पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने एका अंशामागे सहा टक्के वीज वाचते.

गाडीचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार गंमत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. लिटर पाऊण किलोचंच भरतं, मग वायू इतका कसा, असं विचाराल तर रसायनवाल्यांनी शेजाऱ्याला समजावून सांगा, ऑक्सिजन हवेतून येतो. रोज वीस किलोमीटर धरले तर वर्षाला मोटरसायकलचे पावणेतीनशे किलो आणि कारचे नऊशे. विजेची स्कूटर कोळशाच्याच विजेवर चालवली तरी पेट्रोलच्या स्कूटरच्या निम्म्यावर येते. तेव्हा ‘वीज तर कोळशाचीच’ म्हणून तिला नाक मुरडणाऱ्यांनी एकदा हिशेब करून बघावा. नागपूरहून मुंबईला विमानात माणशी 70-80 किलो जातात. दुरांतोत त्याचा अगदी लहानसा हिस्सा, आणि झोपही होते. अमेरिकेची एक फेरी येऊन-जाऊन टनाच्या खाली नाही. मुलं तिकडे असतील तर आईबाबांनी जावंच, फक्त गेलात तर महिनाभर राहून या.

आता घराकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण या विषयावर कोणी बोलत नाही. आपला जिल्हा कोळशाचा तसा सिमेंटचा. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस, ही नावं तुमच्या ओळखीची आहेत. सिमेंटचा त्रास असा की भट्टीचं इंधन उद्या बदललं तरी अर्धं दुखणं तसंच राहतं. चुनखडीच्या पोटातच कार्बन आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो वायू होऊन उडून जाते आणि 56 किलो चुना उरतो. एक टन सिमेंटमागे आपल्या देशात साधारण सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीमागे तीसेक किलो. हजार चौरस फुटांच्या घराला चारशेच्या आसपास गोण्या लागतात. करा गुणाकार. बारा टन. त्यात लोखंड आणि विटा धरलेल्याच नाहीत. तुम्ही वीस वर्षं पिशवी नेऊन जे वाचवाल, ते एका पावसाळ्याआधीच्या स्लॅबमध्ये संपतं.

म्हणून घर बांधाल तेव्हा चार गोष्टी कंत्राटदाराला विचारा. पहिली, गोणीवर काय छापलंय ते वाचा. पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, असेल तर त्यात औष्णिक केंद्राची राख मिसळलेली असते, 35 टक्क्यांपर्यंत चालते, आणि तेवढी चुनखडी भाजायची वाचते. आपल्याच चिमणीची राख, आपल्याच भिंतीत. घरकामाला ते उत्तम. फक्त ताकद सावकाश येते, म्हणून पाणी मारायला कंटाळू नका आणि फळ्या घाईने काढू नका. दुसरी, राखेच्या विटा. त्या भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. तिसरी, वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळमध्ये जी भिंत रुजवली ती: विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. विटा पाव हिश्श्याने वाचतात आणि पोकळीमुळे खोली थंड राहते. चौथी विचारायला सगळ्यात अवघड, कारण ती कंत्राटदाराला नाही, घरच्यांना विचारायची: दोघांसाठी चार खोल्या कशाला? पाहुणे वर्षातून दोनदा येतात, सिमेंट मात्र कायमचं येतं. आणि गच्ची असेल तर सूर्यघर योजना बघा. 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे, आणि आपल्या उन्हात दिवसाला दहा-बारा युनिटं सहज निघतात. एवढं ऊन अंगावर घेतोच आहोत, थोडं मीटरवरही घेऊ.

स्वयंपाकघरात मी जात नाही. तिथलं कुकरचं आणि भिजवलेल्या डाळीचं शास्त्र तुमच्या आईला माझ्याहून जास्त येतं. लग्नातल्या उरलेल्या ताटांबद्दल तेवढं म्हणतो. कचरा डेपोत दाबलेलं अन्न कुजून मिथेन सोडतं, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त ऊब धरतो. पंचपक्वान्नांत तीन कमी केली तर व्याही रुसतील. रुसू द्या.

एक आक्षेप राहिला. माणसामाणसाच्या नावावर कार्बन मोजायची ही कल्पना लोकांत पसरवण्यात बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता, म्हणजे ज्याने तेल विकलं त्यानेच गिऱ्हाइकाच्या हाती बिल दिलं. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला अपराधी वाटायला लावणार नाही. पण एक उदाहरण बघा. 2014 साली सरकारी खरेदीत एक एलईडी बल्ब 310 रुपयांना पडत होता, दोन-अडीच वर्षांत तो 38 रुपयांवर आला. कुणीतरी कार्यालयात बसून एकदम कोट्यवधी बल्बांची मागणी नोंदवली, कारखान्यांनी भाव पाडले, आणि आज 60 वॅटचा पिवळा बल्ब शोधायला गेलात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

तुमच्यातले बरेच जण तशाच कार्यालयांत बसणार आहेत. शाळेत, बँकेत, पंचायत समितीत, कारखान्यात. कधीतरी पंखे घ्यायची फाइल तुमच्या टेबलावर येईल आणि तुलनात्मक तक्त्यात एकच रकाना असेल, खरेदीची किंमत. त्याच्या शेजारी दहा वर्षांच्या वीजखर्चाचा रकाना आखा आणि मग टिप्पणी लिहा. चाळीस पंख्यांची शाळा, नवे पंखे 30 वॅटचे, दिवसाला आठ तास, वर्षाचे दोनशे दिवस: दहा वर्षांत अठ्ठावीस हजारांहून जास्त युनिटं वाचतात, म्हणजे वीस टन. वरिष्ठ विचारतील, हा रकाना कुठल्या नियमाने आणला. तेव्हा दोन बिलं पुढे ठेवा, एक जुन्या पंख्याचं, एक नव्याचं. हिशेब तपासणाऱ्याला बिल लवकर कळतं.