औषधांवरील पहारा

परीक्षांचे निकाल लागले म्हणजे बारामती व इंदापूर या आमच्या तालुक्यांतील पालक निवृत्त मास्तरांकडेही सल्ला मागावयास येतात. अलीकडे त्यांच्या तोंडी ‘फार्माकोव्हिजिलन्स’ हा एक नवा शब्द ऐकू येतो. औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना पुण्या-मुंबईस अथवा हैदराबादेस या खात्यात नोकरी मिळते, एवढे त्यांस ठाऊक असते. परंतु त्या नोकरीत करावयाचे काय, हे क्वचितच कोणास सांगता येते. मी वैद्य नव्हे, औषधविक्रेताही नव्हे. तथापि ज्या कामाचा सारा भार नीट विचारणे, नीट ऐकणे व नीट लिहिणे यांवर आहे, त्याविषयी एका शाळामास्तराने चार शब्द बोलणे अगदीच अस्थानी होणार नाही.

या कामास आपण औषधदक्षता म्हणू. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची परीक्षा काही शेकडा अथवा काही हजार माणसांवर होते. दहा हजारांत एखाद्यासच होणारा अपाय तेवढ्यात दृष्टीस पडेलच असे नाही. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, एकाच वेळी पाच-सहा औषधे घेणारे रुग्ण यांचा अनुभव तर बहुधा मागाहूनच येतो. म्हणून औषध विकले जाऊ लागल्यावरही त्याजवर पहारा ठेवावा लागतो.

हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला. थॅलिडोमाइड नावाचे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. गर्भवती स्त्रियाही ते मळमळीवर निर्धास्तपणे घेऊ लागल्या. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले. परंतु तोवर निरनिराळ्या देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मास आली, असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकब्राइड यांनी यासंबंधी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकास लिहिलेले पत्र अवघ्या काही ओळींचे होते. पुढे १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या अशा वार्ता एकत्र करण्याची योजना आरंभिली. आज तो संग्रह स्वीडनमधील उप्साला येथे सांभाळला जातो.

हे दूरदेशीचे झाले. आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली व चौदा जण दगावले. त्या ग्लिसरिनात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. हा भेसळीचा प्रकार. मूळ औषधाचा दोष नव्हे, हे खरे. परंतु रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसास आरंभी हा भेद कोठून कळणार? त्यास एवढेच दिसते की, हे औषध दिले आणि हे असे झाले. ते दिसताच टिपून ठेवणारा व योग्य ठिकाणी कळविणारा माणूस हवा. आपल्या देशात यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे केंद्र आहे.

आता प्रत्यक्ष काम पाहू. कोणत्याही वार्तेत किमान चार गोष्टी लागतात : रुग्ण कोण, संशयित औषध कोणते, अपाय कोणता, आणि कळविणारा कोण. ऐकावयास हे सोपे वाटते. एक कल्पित उदाहरण घेऊ. माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगर येथील साखर कारखान्यावर ऊसतोडीस आलेला एक मजूर क्षयाच्या गोळ्या घेत आहे. तो सांगतो, “लघवीचा रंग बदलला.” रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-तांबूस होते, त्यात भय नाही. परंतु क्षयाच्याच औषधांनी यकृतास इजा पोहोचून कावीळही होऊ शकते; तेव्हा लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात, अन्नावरची वासना उडते. पहिल्या रुग्णाने घाबरून गोळ्या सोडल्या, तर क्षय उलटतो आणि अधिक हट्टी होऊन बसतो. दुसऱ्याने डॉक्टरांना न कळविता तशाच चालू ठेवल्या, तर जीव धोक्यात येतो. दोघांचे पहिले वाक्य मात्र एकच असते. पुढचे चार प्रश्न कोण विचारतो, यावर सारे अवलंबून राहते. शिवाय हंगाम संपताच त्या मजुराचे बिऱ्हाड हलते. तो कोठे गेला हे टिपले नसेल, तर पुढे त्याचे काय झाले हे कधीच कळत नाही.

कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. औषधदक्षतेचे शिक्षण म्हणजे या म्हणीचेच शिक्षण होय. फांदी आधीच किडलेली होती काय? कावळा बसून किती वेळ झाला होता? औषध बंद केल्यावर त्रास ओसरला काय? पुन्हा दिल्यावर तो परतला काय? यांवरून संबंध ‘निश्चित’, ‘संभवनीय’, ‘शक्य’ की ‘असंभाव्य’ हे ठरते. कळविणाऱ्याने मात्र निकालाची वाट पाहू नये. संशयही कळवावयाचा असतो. एका गावची एक वार्ता काहीच सिद्ध करीत नाही, परंतु शंभर गावच्या सारख्या वार्ता एकत्र आल्या म्हणजे त्या बोलू लागतात. वार्ता कळविणे म्हणजे कोणा डॉक्टरवर ठपका ठेवणे नव्हे, हेही ध्यानी असावे.

मोरोपंतांच्या बारामतीत ‘मात्रा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ शोभतात. आर्येत एक मात्रा चुकली तर वृत्त मोडते. औषधाची मात्रा लिहिताना एक शून्य चुकले तर सारी नोंदच खोटी पडते.

तेव्हा पालकांस माझे सांगणे असे. आधी पाया पक्का असू द्यावा : औषधनिर्माणशास्त्राची दोन वर्षांची पदविका, चार वर्षांची पदवी, सहा वर्षांची फार्म. डी., अथवा वैद्यक किंवा परिचर्या. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालू असल्याने रुग्णालयातील शिक्षणही आता दाराशी आले आहे. काही आठवड्यांत हमखास नोकरी देऊ म्हणून भरमसाट शुल्क घेणाऱ्या वर्गांपासून सावध राहावे; पाया नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवरच शोभते. कंपन्यांचे काम इंग्रजीत चालते, म्हणून ती भाषा कसून शिकावी. परंतु मराठीही विसरू नये. ‘अंगावर गांधी उठल्या’, ‘हातापायाला मुंग्या येतात’, ‘पोटात कालवतं’ या बोलण्याचा नेमका अर्थ ज्यास कळतो, त्याचीच नोंद खरी उतरते. नोंदी भरण्याचे यांत्रिक काम उत्तरोत्तर यंत्रे करू लागली आहेत. मजुराच्या कोपीसमोर बसून पाचवा प्रश्न विचारणे त्यांस अद्याप साधलेले नाही.

आणि ही जबाबदारी केवळ नोकरदारांची नव्हे. औषधाने काही विपरीत झालेसे वाटल्यास आपल्या मनाने ते सोडू नये अथवा रेटूही नये. गोळ्यांचे पाकीट जपून ठेवावे, दिवस-वेळ लिहावी व डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे. त्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी सामान्य नागरिकांसाठीही आहे. घरातील वडील माणसांच्या औषधांची यादी, मात्रेसह, आज रात्रीच एका कागदावर उतरवून ठेवलीत, तर या पहाऱ्यात आपलाही वाटा पडला असे मी समजेन.