संगणकांतील ‘मागें घे’ आणि ‘पुन्हां कर’



पाटी आणि शाई हीं लेखनाचीं दोन साधनें आपणां सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पाटीवरचें पुसलें कीं संपलें. पूर्वीं काय होतें याचा मागमूस राहत नाहीं. शाईचें खोडतां येतें, पण कागद विद्रूप होतो. संगणकावर लिहिणारास या दोहोंहून निराळी सोय मिळाली आहे. एक कळ दाबली कीं शेवटचा फेरफार मागें घेतला जातो, दुसरी दाबली कीं तोच पुन्हां होतो. इंग्रजींत यांस अनडू आणि रीडू म्हणतात. पत्र लिहिणारास ही चैन वाटेल. पण संगणकासाठीं आज्ञावली लिहिणारांच्यानें तिच्यावांचून तासभरहि काम करवणार नाहीं. कारण त्यांचें निम्में काम म्हणजे प्रयोग. एखादी ओळ बदलावी, चालवून पाहावी, जमलें नाहीं तर मागें यावें. मागें येण्याचा रस्ता बंद असेल तर पुढें पाऊल टाकण्यास माणूस कचरतो, हें मुलांना चाळीस वर्षें गणित शिकविलेल्या मला निराळें सांगावयास नको.

ही कल्पना अलीकडची नव्हे. अमेरिकेंत वॉरन टाइटलमन यांनीं लिस्प भाषेंत काम करणारांसाठीं एक ‘मदतनीस’ रचला होता. तो दिलेल्या आज्ञांची वही ठेवी, आणि वहींतील आज्ञा मागें घेतां येत वा पुन्हां करतां येत. उलट, बिल जॉय यांच्या व्हीआय या प्रसिद्ध संपादकांत एकच पायरी होती. ‘यू’ ही कळ दाबली कीं शेवटचा बदल जाई, पुन्हां दाबली कीं तोच परत येई. पाळण्यानें तेथल्या तेथें हेलकावे घ्यावे, तसा प्रकार.

मग अनेक पायऱ्या कशा साधल्या? कोणास वाटेल, प्रत्येक बदलापूर्वीं सगळ्या लेखाची नक्कल करून ठेवली म्हणजे झालें. हिशेब करून पाहूं. २,००,००० अक्षरांची फाइल आणि दिवसांत १,००० बदल, म्हणजे २० कोटि अक्षरें सांठवावीं लागतील. आणि बदल कदाचित् एकेका स्वल्पविरामाचा! म्हणून चतुर रचनाकार केवळ बदलाची नोंद ठेवतो: कोठें, काय होतें, काय झालें. शब्द घातला असेल तर उलट कृति म्हणजे त्या जागेचीं तितकीं अक्षरें काढणें. शब्द पुसला असेल तर मात्र पुसलेलें जपून ठेवावें लागतें, कारण तें दुसरीकडे कोठेंच उरलेलें नसतें. १९९४ सालीं गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांनीं ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथांत ही रचना ‘कमांड’ या नांवाखालीं मांडली. प्रत्येक आज्ञा ही एक वस्तु मानावी, आणि आपलें काम कसें करावें व कसें उलटवावें हें तिचें तिलाच ठाऊक असावें.

या नोंदी ताटांच्या चवडीप्रमाणें एकावर एक रचतात व वरून काढतात. मधली ओढूं गेल्यास घोटाळा होतो. कारण ५० व्या अक्षरापाशीं केलेली नोंद, त्याच्या आधीं १० अक्षरें वाढल्यावर, ६० व्या अक्षराची झालेली असते. मागें घेतलेली नोंद दुसऱ्या चवडीवर जाते, आणि पुन्हां करावयाची झाल्यास तेथून पहिलीवर येते.

येथवर सर्व सुरळीत आहे. माझी सून हाच व्यवसाय करते. एकदां दुपारभर काम केल्यावर, सकाळचा मजकूर कसा होता हें पाहण्यासाठीं ती साठ-सत्तर पायऱ्या मागें गेली. आतां पुढें यावयाचें, तों तिच्या बोटानें चुकून एक मोकळी जागा उमटली. त्या साधनाचा नियम असा कीं नवा बदल झाला कीं दुसरी चवड फेंकून द्यावी. दुपार गेली! रात्रीं बसून तिनें तें पुन्हां लिहिलें, आणि तिचें म्हणणें असें कीं दुसऱ्यांदा तें तितकें चांगलें उतरलें नाहीं.

हा नियम त्या एकाच साधनाचा नव्हे, पुष्कळांचा आहे. समर्थन असें करतात कीं नवा बदल झाल्यावर जुनें भविष्य लागू पडत नाहीं. कबूल. पण लागू पडत नाहीं म्हणून तें नष्टच करावें असें कोठें ठरतें? घराचा बेत बदलला म्हणून कोणी जुना नकाशा चुलींत घालीत नाहीं.

कीर्दींत चुकीची रक्कम पडली तर जाणता दिवाणजी ती खरवडून काढीत नाहीं. तो उलट नोंद घालतो. रिचर्ड स्टॉलमन यांच्या एमॅक्स या संपादकांत हाच न्याय आहे. मागें घेणें हाहि एक बदलच, म्हणून त्याचीहि नोंद होते. मध्यें दुसरें कांहीं करून पुन्हां मागें घेऊं लागलें, तर पूर्वीं मागें घेतलेलेंच परत येऊं लागतें. स्मृतीची ठरीव मर्यादा भरेपर्यंत कांहींच हरवत नाहीं. नवशिक्याची मात्र तारांबळ उडते. आपण पुढें चाललों कीं मागें, हेंच कळेनासें होतें. २०२२ सालच्या २८ व्या आवृत्तींत सरळ ‘पुन्हां कर’ अशी आज्ञाहि त्यांत आली.

ब्रॅम मोलेनार यांच्या व्हिमनें २००६ सालीं, ७ व्या आवृत्तींत, निराळा तोडगा काढला. इतिहास ही चवड नव्हे, झाड आहे असें मानलें. मागें येऊन नवें लिहिलें कीं नवी फांदी फुटते. जुनी तशीच राहते. ‘दहा मिनिटांपूर्वीं होतें तसें दाखव’ असेंहि तेथें सांगतां येतें. मी या झाडाच्या बाजूचा. सून नाहीं! ती म्हणते, “मामंजी, फांद्या मोजीत बसायला वेळ कोणाला आहे? दोन कळा सगळ्यांना समजतात.”

एक पायरी म्हणजे किती, हाहि प्रश्न सोपा नाहीं. अक्षरागणिक मागें जाणें कंटाळवाणें. एमॅक्स सलग टंकलेलीं २० पर्यंत अक्षरें एका गटांत घेतो; व्हिम लेखनास आरंभ केल्यापासून तें थांबवीपर्यंतचें सारें एकच मानतो. आणि एखाद्या नांवाचा बदल ४० फाइलींत एकदम केला, तर तोहि एका कळीनें मागें आला पाहिजे. ३९ फाइली मागें आल्या व एक राहिली, तर आज्ञावली चालणारच नाहीं. म्हणून त्यांपैकीं एकींत मागाहून कोणी हात घातला असेल, तर प्रामाणिक साधनानें आधींच नकार द्यावा.

पूर्वीं फाइल बंद केली कीं हा सारा इतिहास नाहींसा होई. व्हिमच्या २०१० सालच्या ७.३ या आवृत्तीपासून तो निराळ्या फाइलींत राखतां येतो आणि दुसऱ्या दिवशीं तेथूनच मागें जातां येतें. मात्र त्या नोंदींसोबत मूळ मजकुराची एक ओळखखूण ठेवलेली असते. दरम्यान दुसऱ्या कोणीं मजकुरास हात लावला असेल तर खूण जुळत नाहीं, आणि संपादक त्या नोंदी बाजूस ठेवतो.