चौथी सीट



परिस्थितीशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि यश, असा विषय आपल्या मंडळाने मला दिला. मी बोरिवलीची. फोर्टमधल्या एका बँकेत तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे हा विषय मला लोकलच्या डब्यातच सापडतो.

लोकलचं बाक तिघींचं. त्यावर चौथी टेकते, अर्धी बाहेर, एक पाय वाटेत रोवून. तिच्या चिकाटीचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. पण ती टेकू शकते, कारण आधीच्या तिघी सरकलेल्या असतात. त्या तिघींविषयी मला आज बोलायचं आहे.

आमच्या डब्यात गवार निवडली जायची, मटार सोलले जायचे, संक्रांतीनंतर हळदीकुंकू व्हायचं. घर आणि ऑफिस यांच्यात बायका अशा जुळवून घेतच होत्या. गर्दी मात्र वाढत होती आणि बायकांचे डबे मोजकेच. मग 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी अख्खी गाडी महिलांसाठी सुरू केली. लेडीज स्पेशल. त्या दिवशी रेल्वे सरकली, असं मी म्हणते.

बँकेत संगणक आले तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. लेजर लिहिणारा हात की-बोर्डवर अडखळायचा, रात्री झोप लागायची नाही. माझ्या निम्म्या वयाची एक सहकारी काम संपल्यावर अर्धा तास थांबून मला शिकवायची. तिची नेहमीची गाडी रोज चुकायची. माझ्या पुढच्या बढतीत त्या चुकलेल्या गाड्यांचा वाटा मोठा आहे.

आणि जिथे कुणी सरकतच नाही? 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. ज्यांची हयात मागावर गेली, त्यांना लोक सांगू लागले, काळाप्रमाणे बदला. कुणी वॉचमन झाला, कुणी भाजी विकली, कुणी गावी परतला. त्यांच्यात जिद्द कमी होती, हे मला कधीच पटलेलं नाही. त्यांना बाकावर जागाच दिली गेली नाही.

गिरण्यांच्या त्याच वस्तीत, गिरणगावात, प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज घेऊ लागल्या. संपात जेवणारेच उरले नाहीत, तेव्हाही मंडळाने त्यांच्या हाताला दुसरं काम मिळावं म्हणून धडपड केली. एकट्या बाईला हे जमलं नसतं.

आता तुमच्याकडे वळते. आपण इथे परदेशात स्थिरावलात, मुलं मोठी झाली, घरं झाली. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात. कामाचा परवाना नसलेल्या उच्चशिक्षित सुना येतात. सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील दिवसभर घरात एकटे असतात. त्यांना आपण जुळवून घ्यायला सांगतो. माझी विनंती आहे, आधी आपण सरकू या. आज जेवायला बसताना नेहमीच्या मैत्रिणींच्या टेबलावर एक खुर्ची मोकळी ठेवा आणि दाराशी उभ्या असलेल्या नव्या कुटुंबाला हाक मारा.