दुर्बल झालेल्या इंजिनाची परीक्षा

उत्तरपाडा येथे अँबॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. जुन्या गाड्यांची जबाबदारी मात्र कारागिरावर राहिली. पेट्रोलवर चालणारी अशी गाडी चढावर दमू लागली, तरी इंजिन उघडण्याची घाई करू नये. इंजिन तापवून, इग्निशन तोडून चारही स्पार्क प्लग काढावेत. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, स्टार्टरने इंजिन फिरवीत प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजावा. जेथे तो कमी भरेल, तेथे चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले असे समजावे. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये असतो. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांत दाब कमी असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. निदान चुकले, तर मालकाचा पैसा जातो आणि दोष तसाच राहतो.