टरफलं कोणी उचलायची?

(मंडळाच्या पालक-मेळाव्यात केलेलं भाषण)

शारजाला एकवीस वर्षं शाळेत शिकवतेय, म्हणून 'शाळेतली शिस्त' हा विषय माझ्या गळ्यात पडला. तर आज माझीच एक चूक सांगते.

आपल्या शनिवारच्या मराठी वर्गात मी टिळकांच्या शेंगांची गोष्ट सांगत होते. तुम्हाला ती पाठच असेल. वर्गात टरफलं पडलेली, गुरुजी सगळ्यांना उचलायला सांगतात आणि छोटा बाळ म्हणतो, मी शेंगा खाल्ल्याच नाहीत, मी उचलणार नाही. गोष्ट संपली, तशी सातवीतली एक मुलगी उठली. ती शाळेतही माझ्याच वर्गात आहे. म्हणाली, "मॅडम, मग परवा भिंतीवर शाई उडाली तेव्हा आम्हा सगळ्यांची मधली सुट्टी का बंद केलीत? मी तर लायब्ररीत होते."

मला उत्तर सुचेना. खरं कारण एवढंच, की एकाला शोधायला वेळ लागतो आणि बत्तीस जणांना बसवून ठेवायला एक मिनिट पुरतं. शिवाय मनात असतं, बाकीची मुलंच त्याचं नाव सांगतील. म्हणजे चहाडी आपणच शिकवायची!

छडी तर गेलीच. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आणली. इथे २०१६ मध्ये मुलांच्या हक्कांचा 'वदीमा' कायदा आला आणि २०१८ मध्ये शिक्षण मंत्रालयाने गैरवर्तनाच्या चार पायऱ्या आखल्या, किरकोळपासून अतिगंभीरपर्यंत. पण चूक नेमकी कुठल्या पायरीवरची, हे ठरवायचं असतं शेवटच्या तासाला दमलेल्या बाईंनी.

उशिराचंच बघा ना. अल इत्तिहाद रोडवर गाडी अडकली, त्यात दहा वर्षांच्या पोराचा काय दोष? तरी शेरा त्याच्याच डायरीत. आणि आपण पालक? एक तर "तूच काहीतरी केलं असशील" म्हणतो, नाहीतर तडक प्रिन्सिपॉलना फोन. "नक्की काय झालं, सांग बरं" हे विचारायचं राहूनच जातं.

सोमवारी मी वर्गाची माफी मागितली. शाई कोणी उडवली ते शेवटपर्यंत कळलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंग लागेपर्यंत तो डाग तसाच होता. फळ्याकडून वळले की आधी तोच दिसायचा.